टेबलाखालचं कुत्रं

१

तिसरं चित्र मंगळवारी सकाळी आलं.

सुलभाताईंनी रस्त्याच्या कडेची पत्रपेटी उघडली ती किराणा दुकानाची जाहिरात आली असेल म्हणून. हाताला लागलं बिनतिकिटाचं पांढरं पाकीट. तिथेच उभं राहून त्यांनी ते फोडलं. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्या शांत गल्लीत तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

चित्र काळ्या शाईनं काढलेलं होतं. उंच रेशमी टोपी घातलेला एक ढेरपोट्या शेठ जेवायला बसलाय. त्याच्या ताटात अख्खं गाव वाढलेलं: घरं, शाळा, देऊळ म्हणून चर्च. कोटाच्या बटणांना दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांच्या टोकांना लोंबकळणारे इवलेसे सिनेटर. टेबलाखाली माणसाच्या तोंडाचं एक कुत्रं हाड चघळतंय. यातलं काहीच सुलभाताईंना नवं नव्हतं. या चित्राची मूळ प्रत गेली वीस वर्षं त्यांच्याच बेसमेंटमध्ये टांगलेली होती. नवी होती ती शेठच्या काट्याला टोचलेली बाई. साडी, अंबाडा, गोल चष्मा. खाली इंग्रजीत दोनच शब्द: गुरुवार रद्द.

आधीच्या दोन चित्रांत काट्याला दिगंबरराव होते, माकडटोपीसकट. ती बघून ते खो खो हसले होते. "सव्वाशे वर्षं झाली, तरी झोंबतंय बघ लेकाच्यांना," असं म्हणाले होते. दुसरं चित्र आल्यावर पाच दिवसांनी ते बेसमेंटच्या जिन्याखाली मरून पडलेले सापडले.

दिगंबरराव आयुष्यभर सरकारी रस्ते बांधत आले आणि उरलेल्या वेळात जुनी व्यंगचित्रं जमवत आले. छापील नव्हे, चित्रकाराच्या हातची मूळ चित्रं. विसावं शतक नुकतंच उजाडलं होतं तेव्हाची. कोळसा, रेल्वे, साखर, तेल, सगळं मूठभर शेठजींच्या एका खिशात आणि सिनेटर दुसऱ्या खिशात, असा तो काळ. बोलायची कुणाची छाती नव्हती तेव्हा हे चित्रकार बोलले, असं दिगंबरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगत. अशी एकेचाळीस चित्रं त्यांनी जमवली होती आणि ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ती देऊन टाकायची ठरवलं होतं. ग्रंथालयाची बाई या गुरुवारी यायची होती.

ताटातलं गाव गिळणारा शेठ म्हणजे ग्रँबी कोळसा कंपनीचा मालक. त्याचे वंशज अजून धंद्यात होते. हे उद्योग त्यांचेच, अशी दिगंबररावांची खात्री होती. पोलिसांना मात्र त्यात वय आणि जिना, याखेरीज काही दिसलं नव्हतं.

सुलभाताईंनी घरात येऊन दाराला कडी घातली. मग मागच्या दाराला घातली. मग पुन्हा पुढच्या दाराची बघितली. घरात वर पुतण्या होता, तरी त्यांनी आधी फोन केला तो नंदाला.

२

नंदा म्हणजे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं गोळ्यांतल्या खोडी काढून निवृत्त झालेली बाई. निवृत्तीनंतर तिनं तेच काम माणसांवर सुरू केलं, असं मराठी मंडळात सगळे म्हणत. पण मंडळात कुणाचं काही हरवलं की पहिला फोन तिलाच जाई. चष्मा केसांत खोचून ती आली, चित्र खिडकीपाशी नेलं आणि उजेडात निरखलं.

"सुलभाताई, हे छापलं गेलं तेव्हाचं पान आहे का तुमच्याकडे? वर्तमानपत्रातलं?"

ते होतं. दिगंबररावांनी जपून ठेवलेली एकोणीसशे सातची घडी उघडून नंदानं शेजारी ठेवली. शेठ होता, ताट होतं, दोऱ्या होत्या. टेबलाखाली काही नव्हतं. नुसती कोरी जागा.

सुलभाताईंना ती गोष्ट पाठ होती, कारण नवरा ती प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. कुत्र्याला एका खऱ्याखुऱ्या सिनेटरचं तोंड होतं. संपादक घाबरला. चित्रकारानं मग पांढरा रंग फासून कुत्रं झाकलं आणि चित्र तसंच छापलं गेलं. पण मूळ चित्र भिंतीवरून उतरवून, काच काढून, बाजूनं उजेड टाकला की रंगाखालचं कुत्रं दिसतं. दिगंबरराव हे अगदी जादूगारासारखं करून दाखवत, पण फक्त घरच्यासारख्या माणसांना.

"म्हणजे ग्रँबीवाल्यांना हे कुत्रं कुठून दिसणार?" नंदा म्हणाली. "त्यांच्याकडे असलं तर छापलेलं चित्र असेल. कुत्रं फक्त या घरात आहे. चित्र उतरवून, काच काढून किती जणांनी बघितलंय?"

सुलभाताईंनी बोटं मोजली. काच काढलेलं चित्र हातात धरलेली माणसं तीनच होती. सत्यजित, अमेय आणि वीर.

"मग यातलाच एक," नंदानं चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुमच्या हातचा चहा प्यायलेला."

इतके दिवस सुलभाताई खिडकीबाहेरच्या गाड्यांना घाबरत होत्या. आता वरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. वर सत्यजित होता.

३

सत्यजित हा दिगंबररावांच्या धाकट्या भावाचा मुलगा. शिकत असताना तो इथेच राहिला होता, आता व्हर्जिनियात हर्नडनला संगणकाच्या नोकरीत होता. काकांचं कळल्यापासून तो लॅपटॉप घेऊन इथे येऊन राहिला होता. नंदानं त्याला खाली बोलावलं आणि शेंगा निवडता निवडता प्रश्न विचारले. त्याचं म्हणणं सरळ होतं. काकूनं हे घर सोडावं, हर्नडनला यावं आणि त्या चित्रांच्या भानगडीतून बाहेर पडावं.

"गुरुवारचं कॅन्सल कर, काकू. काका गेले त्यापायी. इथे शिकायला होतो तेव्हा या फ्रेमा धरून उभा राहायचो मी, तू हळद लावेपर्यंत. मला काय त्या नकोशा आहेत का?"

हळदीचं खरं होतं. घरात नवी वस्तू आली की सुलभाताई तिला हळदकुंकू लावत. फ्रिजला लावलं, गाडीला लावलं, तर टोपीवाल्या शेठजींनी काय घोडं मारलं होतं? पहिलं चित्र आलं तेव्हा दिगंबरराव घाबरून म्हणाले होते की कुंकू नको, रंग पुढे उतरेल. शेवटी तडजोड झाली. फक्त हळद, तीही मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, अनामिकेचं एक बोट.

दुपारी अमेय आला. तो मूळचा नागपूरचा, अमेरिकी वर्तमानपत्रांच्या इतिहासावर पीएचडी करत होता आणि दर शनिवारी येऊन चित्रं स्कॅन करायचा. चित्रं ओहायोला गेली की त्याचा प्रबंध लांबणार, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. तिसरं चित्र बघून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, तुम्ही त्या बाईंना पुढच्या महिन्यात बोलवा ना. एवढी रिस्क कशाला?"

नंदानं विचारलं की चित्रांच्या मागची बाजू स्कॅन केली होती का. त्यानं होकारार्थी मान हलवली. पहिल्याच दिवशी त्यानं काकूंना विचारलं होतं की मागे हळद तुम्ही लावता का, आमची आजी मिक्सरलासुद्धा लावायची. सुलभाताईंना ते आठवत होतं. त्या दिवशी त्यांनी त्याला जेवायलाच ठेवून घेतलं होतं.

चार वाजता वीर आला, हातात पांढरी फुलं घेऊन. वीर शुभाचा मुलगा आणि शुभा सुलभाताईंची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. वीर जन्मला इथे, वाढला इथे. लहान असताना याच बेसमेंटमध्ये पालथा पडून तो ते कुत्रं शोधायचा. पुढे त्यानं जुने कागद दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं आणि जवळच मॉरिसटाउनला दुकान काढलं. दोन वर्षांत त्यानं इथली सहा चित्रं नेऊन, साफ करून परत आणून दिली होती. दिगंबररावांना त्याचा कोण अभिमान.

त्यानं सुलभाताईंना मिठी मारली. "काकू, प्लीज, कॅन्सल कर. आय ॲम स्केअर्ड फॉर यू. मी आईलापण बोललो, तू आमच्याकडे ये."

नंदानं दुरुस्तीचे कागद मागितले, ते त्यानं फोनवरूनच पाठवले. नंदानं ते मोठ्यानं वाचून दाखवले. कुत्र्याच्या चित्राबद्दल लिहिलं होतं: कडा फाटलेल्या होत्या, जोडल्या. पांढऱ्या रंगाला तडे, तसेच ठेवले. मागे खालच्या कोपऱ्यात पाण्याचा जुना पिवळट डाग, हात लावला नाही. डावीकडे घडीची खूण. सगळं कसं व्यवस्थित.

अमेय आणि वीर गेले, सत्यजित वर गेला आणि सुलभाताईंच्या लक्षात आलं की तिघांनीही तेच सांगितलं होतं, पाकिटातल्या चित्रानं सांगितलं होतं तेच. गुरुवार रद्द. तिघांचेही डोळे ओले होते आणि त्यातल्या एका जोडीवर विश्वास ठेवायचा नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी सत्यजितनं केलेला चहा बेसिनमध्ये ओतून दिला आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडल्या.

४

बुधवारी सकाळी सत्यजित वर मीटिंगमध्ये होता. नंदानं सुलभाताईंना बेसमेंटमध्ये नेलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीपाशी उभं केलं.

"तो दिवस सांगा. काही गाळू नका."

त्या दिवशी जेवणं झाली. दिगंबररावांना जेवणानंतर पान लागायचं. पण घरातली पानं संपली होती, म्हणून त्यांनीच सुलभाताईंना दुकानात पिटाळलं. दुकानात रांग होती. परत यायला तासाच्या वर गेला. पानांची पुडी हातात घेऊन त्या हाका मारत खाली आल्या तर हे इथे, एक हात पायरीवर.

"हाताला काय होतं?"

"काही नाही गं. बोटाला चुना लागला होता तेवढा. मीच पुसला पदरानं."

नंदानं हळू आवाजात विचारलं, "घरात पान नव्हतं ना? मग चुना कशाला काढला त्यांनी?"

इतक्या दिवसांत हे सुलभाताईंच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

चुन्याची डबी चित्रांच्या टेबलावर, ब्रशांच्या बरणीमागे सापडली. नंदानं कुत्र्याचं चित्र भिंतीवरून उतरवलं आणि पालथं केलं. खालच्या कोपऱ्यात हळदीचं बोट होतं आणि त्यावर वाळलेल्या चुन्याचा पांढरा फराटा. फराट्याच्या कडेनं पिवळा रंग जसाच्या तसा दिसत होता.

"कुंकू कसं करतात, सुलभाताई?"

सुलभाताईंनी तिच्याकडे बघितलं. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. आईला त्यांनी करताना पाहिलं होतं. त्यांनी भिंतीवरचं दुसरं चित्र उतरवलं, साखरेच्या शेठचं. चुन्यात पाण्याचा थेंब घातला आणि बोट टेकवलं. त्यांच्या डोळ्यांदेखत डाग लालभडक झाला.

एकेक करत त्यांनी सगळी चित्रं बघितली. पस्तीस लाल झाली. सहा पिवळीच राहिली. नंदानं दुरुस्तीचे कागद काढले. तीच सहा.

"ही हळद नाही, रंग आहे," नंदा म्हणाली. "खरी चित्रं गेली, या नकला आहेत. सत्यजितनं नक्कल केली असती तर तुमच्याच डब्यातली चिमूटभर हळद लावली असती. अमेयनंही तेच केलं असतं. ही हळद आहे हे ज्याला ठाऊकच नाही, त्यानंच बसून ब्रशनं डाग रंगवला. कागदावर लिहूनही दिलंय त्यानं, पाण्याचा डाग म्हणून. नक्कल करताना कुत्रं आधी काढायचं आणि मग झाकायचं, म्हणून त्याच्याकडे कुत्र्यासकट कच्चं रेखाटन तयार होतं. पाकिटातली चित्रं त्याच रेखाटनावरून गिरवलीत. ग्रंथालयात तज्ज्ञ बघणार, म्हणून गुरुवार नको."

"नंदा, तो लहानाचा मोठा इथे झालाय."

"पोलिसांना एवढं पुरणार नाही," नंदा म्हणाली. "तो इथे होता हे कसं..."

मागच्या दाराच्या काचेवर टकटक झाली. बागेतून बेसमेंटमध्ये उघडणारं ते दार फ्रेमा आणण्या-नेण्यासाठीच वापरलं जाई. काचेपलीकडे वीर उभा होता.

५

नंदानं सुलभाताईंचा दंड घट्ट दाबला, फोन उचलला आणि कपडे धुवायच्या खोलीत शिरून दार फटीएवढं लोटलं. सुलभाताईंना ओरडून नको म्हणावंसं वाटलं. तरी त्यांनी कडी काढली.

वीर आत आला. उद्याच्या आधी एकदा फ्रेमा चेक करतो म्हणाला. मग त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. पालथी चित्रं, लाल झालेले कोपरे आणि सुलभाताईंच्या हातातली डबी.

"काकू, यू आर डॅमेजिंग देम. तू पण ते व्हाइट पेस्ट लावतेस? काका पण असंच..."

तो थांबला.

पदरानं पुसलेला चुना. तो सुलभाताईंनी पाहिला होता आणि आज नंदाला सांगितला होता. तिसऱ्या कुणाला तो ठाऊक असायचा तर तो माणूस तेव्हा इथे उभा असायला हवा होता.

"काका पण काय, वीर?"

त्यानं मागे हात नेऊन दाराची कडी लावली. मग जवळ येऊन सुलभाताईंच्या हातातली डबी काढून घेतली, अगदी हळुवारपणे, म्हाताऱ्या माणसाच्या हातातून कप काढून घ्यावा तशी. त्याच्या हाताचा घाम त्यांच्या बोटांना लागला. त्या मागे सरकल्या तर टाचेला जिन्याची पायरी लागली.

"काकू, हू एल्स नोज?"

"मी," धुवायच्या खोलीचं दार उघडत नंदा म्हणाली. तिच्या हातातला फोन चालू होता आणि त्यातून पोलिसांच्या बाईचा आवाज येत होता. "आणि ही बाई. केव्हाची ऐकतेय ती."

वरून सत्यजितच्या पावलांचा धडधडाट आला. वीरनं एकदा दाराकडे बघितलं. मग तो खालच्या पायरीवर, दिगंबरराव पडले होते तिथेच, बसला.

पोलीस येईपर्यंत तो तुकड्यातुकड्यांत बोलला. दुकान चालत नव्हतं, एक गिऱ्हाईक मिळालं, एक चित्र गेलं, मग सहा गेली. चित्रं पाठवली ती फक्त घाबरवायला. त्या दिवशी काकांनीच फोन करून बोलावलं. चुना लावून दाखवला, लाल का होत नाही म्हणून विचारलं. तो फ्रेम घेऊन निघायला लागला, काका जिन्यात आडवे आले, ओढाताण झाली.

"हे नुसते पडले, की..." सुलभाताईंना पुढचं विचारवेना.

"ही वॉज ब्रीदिंग," वीर जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, कोणीतरी येईल. मी फ्रेम लावली परत आणि गेलो."

येणार होत्या त्या सुलभाताई, आणि त्या पानांच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना आठवलं, मागच्या बाईला त्यांनी स्वतःहून आपला नंबर दिला होता, तिच्या कडेवर मूल होतं म्हणून. त्यांनी कठडा धरला.

"ती हळद होती रे. शुभानं तुला कधी सांगितलं नाही?"

"नोबडी टोल्ड मी एनीथिंग," वीर म्हणाला आणि पहिल्यांदाच त्यानं वर बघितलं. "तुम्ही लोक जस्ट करता. कधी सांगत नाही व्हाय. मी पण विचारलं नाही."

६

गुरुवार रद्द झाला नाही. नंदा नको म्हणाली, सत्यजित नको म्हणाला, पण सुलभाताईंनी ऐकलं नाही. रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळपासून शुभाचे चार फोन येऊन गेले होते आणि तो नंबर दिसला की त्या फोन पालथा घालून ठेवायच्या. उचलावा तर बोलायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

सहा नकला पोलिसांनी नेल्या होत्या. खरं कुत्रं कुणाच्या भिंतीवर लपलंय, ते अजून कळायचं होतं. ग्रंथालयाची बाई उंच, पिकल्या केसांची, हातमोजे घालून काम करणारी होती. उरलेल्या पस्तीस चित्रांतलं एकेक पालथं करून ती वहीत नोंद करत होती. सुलभाताई खुर्चीत बसून तिचा हात बघत होत्या. प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्यांची मान अजून दाराकडे वळत होती.

पहिल्याच चित्राशी बाई थांबली. मागे खालच्या कोपऱ्यात लाल डाग, असं पुटपुटत तिनं लिहायला घेतलं.

"डाग नाही तो," सुलभाताई म्हणाल्या.

बाईनं पेन उचललं. मग काय आहे, असं तिनं अदबीनं विचारलं. सत्यजित इंग्रजीत सांगायला पुढे झाला, तर सुलभाताईंनी हातानं त्याला थांबवलं. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. चाळीस वर्षांत या देशात त्यांनी हे कुणाला एकदाही सांगितलं नव्हतं. गरज आहे असं वाटलंच नव्हतं.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. बाईला बसायला सांगितलं. वहीचं नवं पान काढायला लावलं. आणि पहिलं चित्र घरी आलं त्या दिवसापासून, काही न गाळता, सांगायला सुरुवात केली.